उपग्रह जिवंत असतानाच त्याचं मृत्युपत्र लिहून घ्या

प्रति,
बाह्य अवकाशाच्या शांततामय वापरासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे सर्व सदस्य,
व्हिएन्ना

सन्माननीय सदस्यहो,

मी २२ वर्षं उपग्रहांच्या नियंत्रण कक्षात काम केलं. त्यातल्या एका पहाटेची गोष्ट आधी सांगते.

उपग्रह क्षितिजावर यायची वेळ झाली. अँटेना त्याच्या दिशेला वळला, ठरलेला सेकंद उलटून गेला आणि पडद्यावर आकडे यायचे तिथे नुसत्या रेघा राहिल्या. असं अधूनमधून होतं, कधी कधी दोष जमिनीवरच्याच उपकरणात असतो. १०० मिनिटांनी तो पुन्हा यायचा होता. ती वेळही आली आणि गेली, रेघा तशाच. तिसऱ्या फेरीपर्यंत खोलीतलं बोलणं थांबलं होतं. पुढचे चार महिने आम्ही त्याला अंदाजाने कमांड पाठवत राहिलो: ट्रान्समीटर चालू कर, दुसऱ्या संगणकावर जा, बॅटरी जोडून घे. त्याला काही ऐकू जात होतं की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता.

त्याची बॅटरी थकत चालली आहे हे आम्हाला दीड वर्ष आधीपासून दिसत होतं. खाली आणण्यापुरतं इंधन टाकीत होतं. तसा प्रस्ताव दोनदा बैठकीत आला आणि दोन्ही वेळा "अजून सहा महिने चालवू" असं ठरलं, कारण कॅमेरा उत्तम चालत होता. दुसऱ्या बैठकीत "चालवू" म्हणणाऱ्यांत मीही होते. तो उपग्रह आजही सुमारे ८०० किलोमीटरवरून दिवसाला १४ फेऱ्या मारतो आहे. त्या उंचीवरून आपसूक खाली यायला त्याला शतकाहून जास्त काळ लागेल.

म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे. माणूस हातीपायी धड असताना मृत्युपत्र करतो, तसं प्रत्येक उपग्रहाचं मृत्युपत्र प्रक्षेपणाआधी लिहून घ्या आणि नोंदणीबरोबर जमा करून घ्या. तो केव्हा उतरवायचा, आपण उतरवण्याआधीच तो गेला तर काय, आणि मग त्याला हात कोणी लावायचा, हे सगळं त्यात असावं.

युरोपीय अवकाश संस्थेचे तीन उपग्रह शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'ईआरएस-१' जुलै १९९१ मध्ये वर गेला आणि त्याचा जुळा 'ईआरएस-२' एप्रिल १९९५ मध्ये. दोघांची कक्षा साधारण सारख्याच उंचीची, ७८० किलोमीटरच्या आसपास. थोरला मार्च २००० मध्ये दिशा सांभाळणारी यंत्रणा बिघडून अचानक गेला. त्याला उतरवायची संधीच मिळाली नाही, तो अजून वर आहे. धाकटा २०११ पर्यंत चालला आणि धडधाकट असतानाच त्याला निरोप द्यायचं ठरलं. जुलै-ऑगस्ट २०११ मध्ये ६६ वेळा थ्रस्टर, म्हणजे कक्षा बदलणारी छोटी इंजिनं, पेटवून त्याची कक्षा सुमारे ५७३ किलोमीटरपर्यंत खाली आणली, उरलंसुरलं इंधन संपवलं, बॅटऱ्या रिकाम्या केल्या. पुढचं काम विरळ हवेने केलं. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी उत्तर पॅसिफिक महासागरावर त्याचा शेवट झाला. जिथे होता तिथेच सोडला असता तर १०० ते २०० वर्षं लागली असती. १३ वर्षांत काम झालं.

तिसरा 'एन्व्हिसॅट'. आठ टनांहून जड, पाच वर्षांसाठी बनवलेला आणि दहा वर्षं चाललेला. शेवटासाठी इंधन राखून ठेवायचं, ही पद्धत त्याची रचना झाली तेव्हा रूढच नव्हती. मार्च २००२ मध्ये तो वर गेला, मार्च २०१२ मध्ये त्याला दहा वर्षं पूर्ण झाली आणि जेमतेम पाच आठवड्यांनी, ८ एप्रिलला, तो गप्प झाला. नंतर लेझरच्या मोजणीतून दिसलं की तो सव्वादोन मिनिटांना एक अशा गतीने गिरक्या घेतो आहे. आठ टनांची, भलंमोठं सौरपट्ट बाहेर काढलेली, गिरक्या घेणारी वस्तू पकडायची कशी, यावर त्या संस्थेने अनेक वर्षं गंभीरपणे विचार केला. मोहीम काही झाली नाही.

संस्था एकच, अभियंते त्याच ताकदीचे आणि 'ईआरएस-२'चा निरोप व 'एन्व्हिसॅट'चं जाणं यांत वर्षभराचंही अंतर नाही. एकाचा शेवट ठरवून झाला, दुसऱ्याचा झाला नाही.

उपग्रह उतरवणं तंत्राच्या अंगाने काही अचाट काम नाही. ८०० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातो. त्यातला सेकंदाला २०० मीटर एवढा वेग कापला, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, की त्याच्या कक्षेचं खालचं टोक दाट हवेत शिरतं. अट एवढीच की थ्रस्टर पेटला पाहिजे, उपग्रहाचं तोंड योग्य दिशेला असलं पाहिजे आणि त्याने आपलं ऐकलं पाहिजे. नेमक्या ह्याच तीन गोष्टी म्हाताऱ्या उपग्रहात आधी जातात. इंधन टाकीत पडून असतं आणि ते वापरणारा मेंदू मेलेला असतो. "इंधन राखून ठेवलं आहे" हे वाक्य परवाना मागणाऱ्या अर्जांत वाचलं की माझं समाधान होत नाही ते यामुळेच. त्याबरोबर तब्येतही राखून ठेवायला हवी. बॅटरीची क्षमता इतकी उतरली, दोनपैकी एक संगणक गेला, दिशा धरून ठेवणाऱ्या चाकांपैकी एवढी बंद पडली, की कॅमेरा कितीही चांगला चालत असो, उतरायला लागायचं. ह्या रेषा प्रक्षेपणाआधी आखायच्या असतात. नंतरच्या बैठकीत त्या कोणी आखत नाही. मी त्या बैठकीत बसले आहे.

इंधनाचंही थोडं खोलात जाऊन सांगते, कारण बाहेरच्यांना हे सहसा माहीत नसतं. उपग्रहाच्या टाकीत किती इंधन उरलं हे दाखवणारा काटा नसतो. वजनच नाही म्हटल्यावर इंधन तळाशी बसत नाही, टाकीत कुठेही चिकटून राहतं. मग आम्ही दोन वाटांनी अंदाज काढतो. एक वाट हिशेबाची: आजवर थ्रस्टर किती सेकंद पेटले आणि प्रत्येक वेळी किती इंधन गेलं असेल, याची बेरीज. दुसरी वाट टाकीतल्या वायूचा दाब आणि तापमान पाहण्याची. पहिलीत वर्षानुवर्षांच्या बारीक चुका साठत जातात. दुसरीत टाकी जितकी रिकामी होत जाते तितका अंदाज ढिला पडतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. अंदाज चुकला तर काय होतं, त्याचं नोंदलेलं उदाहरण 'एकोस्टार-७'चं आहे. भूस्थिर कक्षेतले, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारे, उपग्रह जाळायला खाली आणत नाहीत, ३६,००० किलोमीटरवरून ते परवडत नाही. त्यांना आणखी ३०० किलोमीटर वर सरकवून वाट मोकळी करतात. त्याला लागतं साधारण तीन महिन्यांच्या कामाएवढं इंधन. या उपग्रहाच्या चालकांनी ३०० किलोमीटरचं वचन दिलं होतं. इंधन अंदाजापेक्षा कमी निघालं आणि तो २०२२ मध्ये जेमतेम १२२ किलोमीटर वर सरकून थांबला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मालक कंपनीला १,५०,००० डॉलर दंड केला. अवकाश कचऱ्यासाठी त्या आयोगाने केलेला हा पहिलाच दंड. रक्कम लहान होती. पण वचन मोडलं तर कोणीतरी विचारतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर चित्र अर्धं राहील. भारत आणि फ्रान्स यांचा 'मेघा-ट्रॉपिक्स-१' हा सुमारे १,००० किलो वजनाचा उपग्रह ८६७ किलोमीटरवर फिरत होता. नियंत्रित पद्धतीने समुद्रात पाडण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. काम संपलं तेव्हा टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरलं होतं. इस्रोने ऑगस्ट २०२२ पासून एकेक पायरी करत त्याची कक्षा उतरवत आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी तो पॅसिफिकच्या निर्जन पट्ट्यावर पाडला. तसाच सोडला असता तर १०० वर्षांहून जास्त काळ राहिला असता. कागदावर सोय नसतानाही लोकांनी मनावर घेतलं, उपग्रह शुद्धीवर होता आणि इंधन होतं. पण सगळ्या जगाचा कारभार असा कोणीतरी मनावर घेण्यावर चालवायचा का?

वर राहिलेला मेलेला उपग्रह निपचित पडून राहत नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी 'कॉसमॉस-२२५१' हा बंद पडलेला रशियन उपग्रह आणि 'इरिडियम-३३' हा चालू उपग्रह सायबेरियाच्या वर ७९० किलोमीटरच्या आसपास एकमेकांवर आदळले. नोंद करता येतील असे २,००० हून अधिक तुकडे झाले. 'नोआ-१६' हा हवामान उपग्रह जून २०१४ मध्ये निवृत्त झाला आणि दीडेक वर्षाने, नोव्हेंबर २०१५ मध्ये, कोणी धक्का न लावता आपला आपण फुटला. पूर्ण रिकामी न केलेली बॅटरी आणि टाकीतला दाब वर्षानुवर्षं टिकतात, म्हणूनच त्या रिकाम्या करून जायचं असतं. फुटला की एकाचे शेकडो होतात आणि तुकड्यांना कमांड ऐकू येत नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट घ्या. नासाचा 'टाइम्ड' आणि रशियाचा बंद पडलेला 'कॉसमॉस-२२२१' सुमारे ६०० किलोमीटरवर एकमेकांजवळून गेले, अंतर २० मीटरहून कमी. 'टाइम्ड' चालू होता, पण बाजूला सरकायला त्याच्यात थ्रस्टरच नाहीत. आदळणार की नाही हे कळायला पुढच्या संपर्काची वाट बघत बसणं, एवढंच त्याच्या नियंत्रण कक्षाच्या हाती होतं. त्या खोलीत कोण होतं मला माहीत नाही, पण ती वाट बघणं काय असतं हे मला माहीत आहे.

आता कायद्याकडे येते, कारण तो आपल्या हातात आहे. १९६७ च्या अवकाश कराराच्या आठव्या कलमानुसार अवकाशात पाठवलेल्या वस्तूवर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो. वस्तू चालू की बंद, यावर तो अवलंबून नाही. जहाज मालकाने टाकून दिलं म्हणता येतं, उपग्रह टाकून दिला असं म्हणायची सोय कायद्यात नाही. १९७२ च्या दायित्व करारात जमिनीवर पडलेल्या वस्तूची भरपाई विनाअट आहे. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत संघाचा 'कॉसमॉस-९५४' कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला, किरणोत्सर्गी तुकडे पसरले, कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. मात्र अवकाशातल्या टकरीत दोष कोणाचा हे आधी सिद्ध करावं लागतं. मेलेल्या उपग्रहाचा दोष कसा सिद्ध करणार? २००९ च्या टकरीवर त्या कराराखाली भरपाईचा निवाडा झाला नाही.

परिणाम असा, की मेलेल्या किंवा थकलेल्या वस्तूजवळ जायची करामत ज्यांनी ज्यांनी करून दाखवली ती आपल्याच वस्तूवर किंवा मालकाशी करार करून. फेब्रुवारी २०२० मध्ये 'एमईव्ही-१' यानाने इंधन संपत आलेल्या 'इंटेलसॅट-९०१'ला धरलं, ते मालकाशी केलेल्या कराराने. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या 'शिजियान-२१'ने बंद पडलेला 'बैदू' उपग्रह ओढून भूस्थिर कक्षेबाहेर नेला, तो चीनचाच. २०२४ मध्ये जपानी कंपनीचं 'एड्रास-जे' यान एका जुन्या रॉकेट टप्प्यापासून सुमारे १५ मीटरवर पोहोचलं, तो टप्पा जपानचाच. हात तयार झाले आहेत. मालकाच्या होकाराशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला लावायची परवानगी मात्र कोणाकडे नाही आणि मालक गप्प, दिवाळखोर किंवा विसर्जित झाला असेल तर ती मागायची कोणाकडे?

समुद्राने हा प्रश्न सोडवायला घेतला आहे. बुडालेली, अडकलेली जहाजं हटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार नैरोबीत २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये लागू झाला. जहाजमालकाने विमा उतरवायचा, सांगाडा धोकादायक ठरला तर हटवायचा, आणि त्याने हटवला नाही तर किनाऱ्याचं राष्ट्र हटवून खर्च वसूल करू शकतं. अवकाशाला किनारा नाही, म्हणून हा करार जसाच्या तसा उचलता येणार नाही हे मला कळतं. पण सोडून दिलेल्या वस्तूची जबाबदारी आधीच बांधून घेता येते, हे त्यातून सिद्ध झालं आहे.

म्हणून मृत्युपत्रात सगळ्यात महत्त्वाचं कलम आगाऊ संमतीचं असावं. उपग्रह ठरावीक काळ, समजा वर्षभर, गप्प राहिला तर त्याला हटवायला कोणाला मुभा आहे हे नोंदणी करणाऱ्या देशाने आधीच लिहून द्यायचं. नाव त्यानेच निवडावं. ज्या देशाला परक्या यानाची धास्ती वाटते त्याने आपल्या मित्राचं नाव घालावं. ही धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मेलेल्या उपग्रहाला धरू शकणारा हात जिवंत उपग्रहालाही धरू शकतो. म्हणूनच नाव, वेळ आणि पूर्वसूचना कागदावर असली की परक्या यानाची हालचाल बघून कोणाचा संशय बळावणार नाही.

त्याला जोडून पकडायच्या जागेची नोंद हवी. आजचे बहुतेक उपग्रह एकदा वर गेल्यावर कोणी हात लावेल या कल्पनेने बनवलेलेच नाहीत. गुळगुळीत पत्रे, नाजूक पट्ट, कुठे धरावं कळत नाही. एक मजबूत कडी किंवा चुंबकाला चिकटणारी पट्टी, अंधारात ओळखू येतील अशा खुणा आणि लेझर परतवणारे छोटे आरसे, एवढं बसवायला उपग्रहाच्या वजनाच्या मानाने फार थोडं वजन लागतं. लहान उपग्रहांसाठी याहून सोपा उपाय आहे. जमिनीवरून बरेच दिवस कमांड आली नाही तर आपल्या स्वतंत्र बॅटरीवर आपोआप उघडणारं पातळ शीड. ते विरळ हवेचा रोध वाढवतं आणि उपग्रह लवकर खाली येतो. चुकून लवकर उघडलं तर चांगला उपग्रह जाईल, ही भीती मी अभियंत्यांकडून खूप ऐकली आहे आणि ती रास्त आहे. म्हणूनच ते घड्याळ महिन्यांचं असावं, दिवसांचं नाही. खूप उंचावर त्याचा उपयोग नाही, तिथे शिडाला लागायला हवाच नसते.

जळणंही निरुपद्रवी नसतं हे मान्य करायला हवं. टायटॅनियमच्या टाक्या जमिनीपर्यंत येतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत स्थितांबरातल्या, म्हणजे हवेच्या वरच्या थरातल्या, गंधकाम्लाच्या सुमारे १० टक्के कणांत अ‍ॅल्युमिनियम आणि अवकाशयानांतले इतर धातू सापडले. तेव्हा मोठे उपग्रह निर्जन समुद्रावर पाडायचे, जळतील असे पदार्थ वापरायचे आणि वातावरणावरचा परिणाम मोजत राहायचं, हेही मृत्युपत्रात आलं पाहिजे. पण वरच सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. फुटलेल्या उपग्रहाचे तुकडेही शेवटी त्याच हवेत येतात.

आपण २००७ मध्ये कचरा कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं दिलीत, २०१९ मध्ये दीर्घकालीन शाश्वततेची २१ तत्त्वं मान्य केलीत. ती ऐच्छिक आहेत. उतरण्याची २५ वर्षांची जुनी मुदत अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये ५ वर्षांवर आणली, तीही त्यांच्या परवान्यापुरती. आपलं काम एकमताने चालतं, एका देशाचा नकार पुरतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी नवा करार मागत नाही. नोंदणीचा नमुना आपल्याकडे आहे. त्यात ही माहिती भरायला जागा करा. रिकामी सोडणाऱ्यांची जागा रिकामी दिसेल, विमा देणारे आणि परवाना देणारे ती बघतील.

आणखी एक विनंती आहे आणि तिला वेळेची मर्यादा आहे. जे उपग्रह आधीच मेले आहेत त्यांचं मृत्युपत्र आता लिहिता येणार नाही, पण त्यांची माहिती अजून गोळा करता येईल. टाकीत शेवटी किती दाब होता, कोणती झडप अडकली होती, वजन कुठे जास्त आहे, सांगाड्याचा कोणता भाग ओढ सहन करेल. उद्या कोणी त्यांना पकडायला गेलं तर हेच लागणार आहे. यातलं पुष्कळसं कागदावर नाही. ते त्या काळी पाळ्या केलेल्या लोकांच्या डोक्यात आणि वह्यांत आहे आणि ते लोक निवृत्त होत आहेत. आमच्या उपग्रहावर काम केलेले आम्ही नऊ जण होतो, आता सहा आहोत. माझ्या चार वह्या आहेत, शेवटच्या चार महिन्यांतल्या प्रत्येक कमांडच्या नोंदीसह. त्या कोणाकडे द्यायच्या, एवढं आपण मला कळवावं.

आपली विश्वासू,
उपग्रह नियंत्रण कक्षातली एक निवृत्त अभियंता